गाडी स्लो पकडत नाही

लोकांच्या गाड्या चालता चालता बंद पडतात. आमची चालताना काही म्हणायची नाही, थांबली की बंद पडायची. असीरगडचा चढ ती एका दमात चढून आली, आणि खाली येऊन मी चहाच्या टपरीसमोर पाय उचलला, तर उचकी लागल्यासारखी हलली आणि गप्प झाली. टपरीवाल्याने विचारलं, "मॅडम, पेट्रोल संपलं का?" मी म्हटलं, "नाही हो, हिला उभं राहायचा कंटाळा आहे." तो हसला. मला हसू येत नव्हतं.

इंजिन चालू, गिअर काढलेला, पाय रेसवरून उचललेला आणि गाडी जागेवर शांत उभी, या अवस्थेला आमच्या बुऱ्हाणपूरचे मेकॅनिक 'स्लो' म्हणतात. आमच्या गाडीचं दुखणं एवढंच, की ती स्लो पकडत नव्हती. रेस देत राहिलं तर ठीक. पाय काढला की थरथर, मग एक मोठा आचका, मग शांतता. जन्मभर मुलांना मराठी शिकवली, तरी या शब्दाला मराठी शब्द मला सुचला नाही. आता कुणी सुचवला तरी मी तो घेणार नाही, इतका हा तोंडात बसलाय.

गाडी आमच्या यांची. यांचं ठिबक सिंचनाचं दुकान होतं. टपावर काळ्या नळ्यांची भेंडोळी बांधून तापीकाठच्या केळीच्या मळ्यांमधून हे दिवसभर फिरायचे आणि संध्याकाळी कुठे जायचं असलं की गाडी बुऱ्हाणपुरातल्याच लालबागच्या आमच्या घरासमोर आणून उभी करायचे. इंजिन कधी बंद करायचे नाहीत. माझं आवरणं म्हणजे साडी नेसून झाल्यावर सुरू होतं. गॅस बघ, मागचं दार लाव, तुळशीला पाणी घालायचं राहिलं ते घाल, दारापर्यंत ये, चष्म्यासाठी परत आत जा. या सगळ्या वेळात बाहेर ते इंजिन बोलत असायचं. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, तरी तिथपर्यंत ऐकू यायचं, कारण यांनी कार्बोरेटरवरचा स्क्रू नाण्याने फिरवून स्लो मुद्दाम चढा ठेवला होता. मी म्हणायचे, "गल्लीला त्रास कशाला? हळू ठेवा की." तर म्हणायचे, "तुला कळायला पाहिजे ना, कोणी वाट बघतंय ते."

तेव्हा मला त्या आवाजाचा राग यायचा. घाई करणारा आवाज कोणाला आवडतो?

मग यांना लकवा मारला. डाव्या अंगावर गेला. बोलणं राहिलं, जरा जड झालं. उजवा हात शाबूत. डावा पाय काठीच्या आधाराने ओढत चालतात, पण त्यात जोर नाही. दुकान आवरलं. आणि ज्या माणसाला घरात बसवायला मी इतकी वर्षं भांडले, तो माणूस घरातून बाहेर पडेना. डॉक्टर मलाच रागावायचे, "यांना बाहेर काढा, नाहीतर चालणं जाईल." रिक्षात बसायला हे तयार नाहीत. म्हणायचे, "पोतं चढवल्यासारखं चढवतात. लोक बघतात." मी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा रडूनही पाहिलं. शेवटी एका दुपारी भिंतीकडे बघत म्हणाले, "आपली गाडी दारात चालू उभी केली, तर येईन."

ते वाक्य मी पदराच्या गाठीत बांधून ठेवलं.

या वयात गाडी चालवायला शिकणं म्हणजे काय असतं ते मी सांगत बसत नाही. माझ्या शिकवणाऱ्या पोराने देवाला किती नारळ बोलले होते, ते त्यालाच ठाऊक. पण मी शिकले, आणि तेवढ्यात गाडीचं इंजिन गेलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. बरेच दिवस उभी होती, वयही झालं होतं. सुरू केली की मागून निळा धूर यायचा, आणि तेल तर ती पाण्यासारखी प्यायची.

बुधवारा पेठेच्या पलीकडे एक गॅरेज आहे. तिथले उस्ताद आमच्या यांचे तरुणपणापासूनचे दोस्त. दोघांनी मिळून ही गाडी इतक्या वेळा उघडली होती की मला तिची सवत म्हणून असूया वाटायची. उस्तादांनी इंजिन बघितलं, हात पुसले आणि म्हणाले, "मॅडम, इसका बोर गया, अंदर से घिस गया. सामान अब मिलता नहीं. भाऊ को बोलो, बेच डालो."

"भाऊंना काही बोलायचं नाही," मी म्हटलं. "दुसरं इंजिन टाका."

सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. जुन्या गाडीत दुसरं इंजिन म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पण मी एकदा 'नाही' म्हटलं की माझं 'नाही' हलत नाही, हे गल्लीला माहीत आहे. उस्तादांनी इंदूरच्या भंगार बाजारातून त्याच कंपनीचं, पण नंतरच्या गाडीतलं इंजिन शोधून आणलं. इंजिन चांगलं होतं. फक्त आमच्या गाडीला अनोळखी होतं. ते ठेवायच्या जागा जुळेनात, म्हणून लोखंडी पट्ट्या कापून जोडाव्या लागल्या. जुन्या इंजिनाला कार्बोरेटर, याला कॉम्प्युटरचा डबा. जुना पेट्रोल पंप याला पुरेना, तो टाकीत नवा बसवावा लागला. तारांचा एवढा मोठा गुंता निघाला, की उस्ताद जमिनीवर सतरंजी टाकून त्या सोडवत बसले. शेवटी इंजिन बसलं. पण बसणं वेगळं आणि जमणं वेगळं, हे कोणतीही सासुरवाशीण सांगेल.

गाडी बाहेर काढायच्या दिवशी अक्का आल्या. अक्का म्हणजे यांची मोठी बहीण, राहतात बुधवाऱ्यातच. लकवा मारल्यापासून भावासाठी त्यांनी उपास धरले होते, इतके की त्या स्वतःच काडी झाल्या होत्या. हातात पूजेचं ताट, नारळ, आणि नाड्याचा गुंडा. नाडा म्हणजे पूजेचा लाल-पिवळा धागा, मनगटाला बांधतात तो.

"नारळ फोडल्याशिवाय गाडी हालवायची नाही हं," त्यांनी उस्तादांना बजावलं. बोनेट उघडायला लावलं. इंजिनाला कुंकू लावलं, तांदूळ टाकले, आणि मग नाडा हातात घेऊन त्या त्या लोखंडी पसाऱ्याकडे बघत राहिल्या. "काय वं माय, याला बांधू कुठं? माणसाचं मनगट असतं, नाडी असते. याची नाडी कुठं आहे?"

उस्तादांना गंमत सुचली. इंजिनाच्या वरच्या बाजूला एक बोटाएवढी बारीक रबरी नळी होती, ती दाखवून म्हणाले, "अक्का, ये समझो इसकी नाडी. इंजिन साँस कैसी लेता है, वो इसीसे डब्बे को मालूम पडता."

झालं. अक्कांनी त्या नळीला नाडा बांधला. असातसा नाही, वेढ्यावर वेढे देऊन, ओठात मंत्र पुटपुटत, आणि शेवटी गाठीवर गाठ मारून बांधला. बांधताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. उस्तादांनी तोंड फिरवलं. गाडी सुरू झाली, एकदम झकास. सगळ्यांनी पेढे खाल्ले.

मी गाडी घेऊन घरी निघाले. केळीच्या ट्रकांमागे अडकले, तिथे पहिल्यांदा बंद पडली. वाटलं, माझंच क्लचचं काहीतरी चुकलं. पुन्हा सुरू केली, रेस देत देत लालबागला आणली, दारात उभी केली आणि हॉर्न वाजवला.

हे आले. खरंच आले. बंडी-पायजम्यात नव्हते, बाहेर जायचा शर्ट घालून आले. एका हाताने बटणं लावायला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं, म्हणजे हे केव्हापासून तयार होऊन बसले होते. ओट्याच्या पायऱ्या हे भिंतीला धरून उतरले. फाटकापाशी आले, काठी पुढे टाकली. मी यांच्याकडे बघण्याच्या नादात रेसवरचा पाय उचलला. गाडी थरथरली, आचका दिला आणि बंद पडली.

मी चावी फिरवली. सुरू झाली, पुन्हा बंद पडली. पुन्हा फिरवली. हे फाटकाला धरून उभे होते. मग वळले आणि तितक्याच हळू आत गेले. मी स्टेअरिंगवर डोकं टेकून बसले. इतका राग आला होता, की कोणाचा आलाय तेच कळत नव्हतं.

त्या दिवसापासून यांनी फाटकापर्यंत येणंही सोडलं. दोष गाडीचा आहे, असं मी शंभरदा सांगितलं. पण यांनी तो स्वतःवर घेतला. 'माझ्यासाठी म्हणून काही थांबत नाही,' असं काहीसं यांच्या मनाने घेतलं होतं. बोलून नाही दाखवलं, पण शर्ट पुन्हा घडी घालून कपाटात ठेवायला सांगितला, तेव्हा मला कळलं.

म्हणून मी शाळा सुटली की रोज गॅरेजमध्ये जाऊन बसू लागले. तिथे एक लोखंडी खुर्ची माझ्या नावाची झाली. उस्ताद हरले नव्हते. प्लग बदलले. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर काढून धुतले. पेट्रोलचा दाब तपासला. इंजिनापासून गाडीच्या अंगाला जाणारी अर्थिंगची तार जुनी होती, ती जाड घातली, त्याने दोन दिवस बरं वाटलं. मग पुन्हा तेच. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने मशीन आणून त्या डब्याला लावलं. डबा म्हणाला, मला काही झालेलं नाही. "जुने इंजिन को हाथ लगाव तो समझता था," उस्ताद वैतागून म्हणायचे. "इसको डब्बेसे पूछना पडता, और डब्बा झूठ बोलता."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं आमचं चाललं होतं. पण ते तेव्हा कुठे कळणार?

मी घरी येऊन यांना काही सांगायचे नाही. हे विचारायचे नाहीत. जेवताना भांड्यांचा आवाज तेवढा व्हायचा. एकदा भाकरी वाढताना मला वाटलं, बाहेर गाडी उभी आहे, जुनी, जुन्या आवाजाची, आणि मी ताट तसंच ठेवून दाराकडे निघाले. दुसऱ्याच कोणाची तरी होती. परत येऊन बसले तर हे माझ्याकडे बघत होते. यांनाही तसंच वाटलं होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. आम्ही दोघं एकाच माणसाची वाट बघत होतो, आणि तो माणूस समोर बसून भाकरी खात होता.

मला तो हवा होता. बाहेर खोळंबलेला, वैतागलेला. मला घाई हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये फोनवर गाडीचा आवाज रेकॉर्ड केला. थंड असतानाचा, मग गरम झाल्यावरचा, पार बंद पडेपर्यंत. घरी आले आणि फोन यांच्या उशाशी ठेवून लावला. आधी यांनी तोंड फिरवलं. मग डोळे मिटून ऐकायला लागले. संपल्यावर उजव्या हाताने खूण केली, पुन्हा लाव. मी पुन्हा लावलं. बऱ्याच दिवसांनी यांच्या कपाळावर ती आठी आली, दुकानात पंप दुरुस्त करताना यायची ती.

"थंड असताना चालते?" यांनी विचारलं.

"अगदी छान. एकदा तापली की मग सगळं."

"म्हणजे लोखंड नाही. तार नाही." जरा थांबून म्हणाले, "रबर. तापलं की मऊ पडतं. श्वास अडकतोय तिचा."

हा एवढा मोठा परिच्छेद यांच्या तोंडून किती महिन्यांनी आला होता, ते मी सांगू शकत नाही. मी तिथल्या तिथे उस्तादांना फोन लावला. "रबर बघा म्हणतात हे."

"मॅडम, सब रबर देखा," उस्ताद म्हणाले. मग पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. "एक नहीं देखा," ते हळूच म्हणाले.

"का?"

"वो अक्का ने पूजा का धागा बांधा है ना. उसको मैं कैसे हाथ लगाऊँ?"

मला हसावं की रडावं ते कळेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा! इतके दिवस तो नाडा आमच्या डोळ्यांसमोर होता. उस्तादांनी त्याच्या आजूबाजूचं सगळं उलटंपालटं केलं, त्याला मात्र हात लावला नाही. दुसऱ्याच्या देवाचा धागा, तोही एका बहिणीने बांधलेला. "मग सोडा आता," मी म्हटलं, तर म्हणाले, "नहीं मॅडम. जिसने बांधा वो छोडे." मी म्हटलं, "मी सोडते," आणि म्हणता म्हणता माझीच जीभ अडखळली. सकाळी जाऊन बोनेट उघडलं, हात पुढे केला, आणि मागे घेतला. माणूस असा आजारी असताना त्याच्या बहिणीची गाठ सोडायची माझी छाती नव्हती. मराठी शिकवणारी बाई आणि इतकी भित्री, म्हणायचं तर म्हणा.

शेवटी अक्कांनाच गॅरेजमध्ये आणलं. काय झालंय ते उस्तादांनी त्यांना समजावलं. नाडा घट्ट, इंजिन तापलं की नळी मऊ होते, धागा तिला आवळतो, मग डब्याला इंजिनाचा श्वास उशिरा कळतो, आणि तो पेट्रोल भलतंच पाठवतो. अक्का ऐकत होत्या.

"म्हणजे माझ्या हातानं बंद पडून राहिली का गाडी?" त्या म्हणाल्या. "मी तर त्याच्यासाठी बांधेल होता. सुटू नये म्हणून घट्ट बांधेल होता वं."

"अक्का, गलती मेरी," उस्ताद म्हणाले. "मजाक मैंने किया. नाडी मैंने बताई."

अक्कांनी गाठी सोडल्या. तेलाने त्या इतक्या घट्ट बसल्या होत्या की नखाने सुटेनात, पण कात्री लावू दिली नाही. एकेक गाठ सोडत बसल्या. उस्ताद बाजूला टॉर्च धरून उभे. नाडा निघाला, तेव्हा खालची नळी कमरेसारखी आत गेलेली होती आणि एका बाजूने चिरली होती. अक्कांनी तो नाडा मुठीत घेतला, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जाऊ दे. देवाला माहीत आहे मी कशासाठी बांधला ते." माझं आणि त्यांचं फारसं कधी पटलं नाही. त्या दिवशी मी त्यांना धरून रिक्षात बसवलं, घरी सोडलं, आणि उतरताना त्यांच्या पाया पडले. त्या दचकल्या.

नळी नवी बसवली. गाडी सुरू केली, तापू दिली, पाय उचलला. इंजिनाचे फेरे दाखवणारी सुई जराशी खाली आली आणि थांबली. आम्ही दोघं त्या सुईकडे बघत राहिलो. पंखा सुरू झाला, बंद झाला. गाडी उभी. उस्तादांनी बोनेटवर पाण्याचा पेला ठेवला, पाणी जेमतेम हलत होतं. "देखो मॅडम, आवाज ही नहीं," ते अभिमानाने म्हणाले.

खरंच आवाज नव्हता. गॅरेजच्या दारापर्यंत गेलं तर ऐकू येईना. मी दारापासून परत बोनेटपाशी आले. माझ्या मनात इतके दिवस गाडी उभी राहणं म्हणजे तो आवाज होता. मी म्हटलं, "उस्ताद, जरा चढा नाही का करता येणार? यांनी ठेवला होता तसा. स्क्रू फिरवून?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. "मॅडम, इसमें स्क्रू होताच नहीं," ते म्हणाले. "डब्बा जितना बोलेगा, उतनाच."

संध्याकाळी गाडी दारात आणली. डावी बाजू फाटकाकडे. तशीच चालू ठेवून मी आत गेले. हे पलंगावर बसले होते.

"चला," मी म्हटलं. "उभी आहे."

"आवाज येत नाही. बंद पडली."

"आता आवाजच नाही करत ती."

यांचा विश्वास बसला नाही. "तू जाऊन बस तिच्यात," म्हणाले. "मी बघतो."

मी जाऊन स्टेअरिंगमागे बसले. दाराकडे बघत राहिले. आत काहीच हालचाल दिसेना. मी कपाटाचं दार उघडण्याचा आवाज येतो का ते ऐकत होते. शर्ट, मग बटणं, मग काठी. वाट बघताना माणसाला राग येत असेल असं मला इतकी वर्षं वाटत होतं. मला राग नाही आला. मी नुसती दाराकडे बघत होते, आणि तिथून कोण बाहेर येणार ते मला माहीत होतं, त्याचंच बरं वाटत होतं. तेव्हा बाहेर बसून यांनाही तसंच वाटत असायचं का, असा विचार आला. मध्येच पंखा सुरू झाला, इंजिन जरा दबलं, माझा हात चावीकडे गेला. पण ते पुन्हा वर आलं आणि चालत राहिलं.

आधी काठी दिसली, मग हे. पायऱ्या उतरले. फाटक उघडलं. मी वाकून डावीकडचं दार आतून उघडलं, तर यांनी त्या दाराकडे बघितलंही नाही. उजवा हात बोनेटवर टेकवून क्षणभर थांबले, डॉक्टर छातीवर हात ठेवतात तसे. मग बोनेटला धरून, पाय ओढत, पुढून वळसा घालून माझ्या दाराशी येऊन उभे राहिले.

"अहो, इकडून कुठे?" मी काच खाली करून म्हटलं.

"उतर," हे म्हणाले.

मी हँडब्रेक पुन्हा एकदा ओढून बघितला आणि उतरले. यांना बसवलं. डावा पाय उचलून आत ठेवला. तो क्लचपाशी नुसता पडून राहिला. यांनी उजव्या पायाने हलकी रेस दिली. इंजिन वर गेलं, यांनी पाय काढला, ते खाली आलं आणि तिथेच ठरलं. यांनी मान हलवली. उजवा हात स्टेअरिंगवर ठेवला, आणि पाठ सीटला टेकली.

मी पलीकडून जाऊन डाव्या बाजूला बसले. लकव्यानंतर या गाडीत मी कितीदा तरी बसले होते, पण या बाजूला एकदाही बसले नव्हते. अक्कांना, उस्तादांना, डॉक्टरांना, सगळ्यांना मी सांगत होते की यांनी बाहेर यावं म्हणून गाडी उभी राहायला हवी. ते खोटं नव्हतं. पण मला ही जागा हवी होती. इथून यांचा डावा कान दिसतो, कानाजवळ दाढी करताना नेहमी राहणारे केस दिसतात, आणि यांचं लक्ष समोर रस्त्यावर असतं.

गाडी कुठेही जाणार नव्हती. क्लच दाबणारा पाय नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. गल्लीतली एक-दोन माणसं बघून गेली. बघू दे म्हटलं.

"बंद करू का?" बऱ्याच वेळाने यांनी विचारलं. "पेट्रोल जळतंय."

"जळू द्या," मी म्हटलं.